आकाश वाटणारा पत्रकार आणि गॅलिलिओचा 'आत्मा'



एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसच्या वेधशाळेत एक सभागृह होते. फ्रान्स्वा अरागो हे त्या काळचे नामवंत शास्त्रज्ञ तिथे खगोलशास्त्रावर व्याख्याने देत. व्याख्यान ऐकायला पदवी लागत नसे, ओळख लागत नसे. जो येईल त्याने बसावे आणि ऐकावे. सुमारे तीस वर्षे हा क्रम चालला. हे अरागो नुसते आकाशाकडे बघत बसणारे गृहस्थ नव्हते. १८४८ च्या क्रांतीनंतर आलेल्या हंगामी सरकारात ते आरमार आणि वसाहतींचे मंत्री होते, आणि फ्रेंच वसाहतींमधली गुलामगिरी रद्द करणारा २७ एप्रिल १८४८ चा हुकूम त्याच सरकारने काढला. पुढे नेपोलियन तिसरा सत्तेवर आला तेव्हा त्याच्याशी एकनिष्ठेची शपथ घ्यायला अरागोंनी नकार दिला. १८५३ मध्ये ते वारले.

१८५४ मध्ये वेधशाळेच्या संचालकपदी उर्बें ले व्हेरिए आले. हे त्याच राजवटीत सिनेटर झालेले, आणि गणिताच्या जोरावर नेपच्यून ग्रहाची जागा सांगणारे थोर विद्वान. त्यांच्या विद्वत्तेबद्दल आमचे काहीच म्हणणे नाही. पण त्यांनी काय केले? अरागोंचे ते सभागृह मोडून तिथे स्वतःच्या राहण्यासाठी दालने बांधून घेतली.

लोकांच्या बसायच्या जागेवर साहेबांचा दिवाणखाना आला. ज्ञानाची मक्तेदारी म्हणजे काय हे समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण आम्हाला सापडलेले नाही.

याच वेधशाळेत १८५८ साली सोळा वर्षांचा एक मुलगा आकडेमोडीच्या कामावर लागला. कामीय फ्लामारियाँ त्याचे नाव. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत हा माणूस फ्रान्समधला सर्वांत जास्त वाचला जाणारा विज्ञान-पत्रकार झाला. ते मोडलेले सभागृह त्याने वर्तमानपत्रात, पुस्तकात आणि व्याख्यानाच्या व्यासपीठावर पुन्हा बांधले असे म्हटले तरी चालेल. पण त्याच हाताने त्याने आणखीही एक गोष्ट लोकांना वाटली, ती म्हणजे मेलेल्यांच्या आत्म्यांवरचा विश्वास. विज्ञान लोकांपर्यंत नेले की चिकित्सक वृत्ती आपोआप येते असे आपल्यापैकी अनेकजण धरून चालतात. फ्लामारियाँचे आयुष्य या समजुतीला आव्हान देते. म्हणून हा लेख.

फ्लामारियाँ २६ फेब्रुवारी १८४२ रोजी मोंतीन्यी-ल-र्‍वा या पूर्व फ्रान्समधल्या लहान गावी जन्मले. आईवडील किरकोळ दुकानदार. चार भावंडांत हा थोरला. १८४७ साली, पाच वर्षांचा असताना, त्याने अंगणात ठेवलेल्या पाण्याच्या बादलीत सूर्यग्रहण पाहिले. आईची इच्छा मुलाने पाद्री व्हावे अशी. त्याप्रमाणे गावच्या पाद्र्याकडे लॅटिन आणि नंतर लांग्र गावच्या कॅथेड्रलच्या शाळेत शिक्षण सुरू झाले. मग घरचा धंदा बुडाला, कर्ज झाले, कुटुंब पॅरिसला पोट भरायला गेले. मागोमाग मुलगाही गेला आणि धातूवर कोरीवकाम करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला लागला. दिवसभर छिन्नी-हातोडी, रात्री कामगारांसाठी चालणारे मोफत वर्ग. हे वर्ग 'असोसिएशन पॉलितेक्निक' ही संस्था चालवत असे. १८३० च्या क्रांतीनंतर सुरू झालेली ही संस्था, आणि तिथे शिकवणारे उच्चशिक्षित लोक मोबदला घेत नसत.

रात्रशाळेत शिकलेला, उपाशीपोटी वाचणारा मुलगा. आपल्या वाचकांना हे चित्र ओळखीचे वाटेल. जागरण आणि कष्टाने तो आजारी पडला. त्याला तपासायला आलेल्या डॉक्टरच्या नजरेला खोलीतले एक जाडजूड हस्तलिखित पडले. विश्वाच्या उत्पत्तीवर या पोराने पाचशे पाने लिहून ठेवली होती! त्या डॉक्टरने शब्द टाकला आणि मुलगा वेधशाळेत लागला.

तिथे काय काम? आकडेमोड. ले व्हेरिएंच्या वेधशाळेत कनिष्ठांनी दुर्बिणीला डोळा लावायचा नसतो, कोष्टके भरायची असतात. फ्लामारियाँना आकाश हवे होते आणि हाती आले रकाने. चार वर्षे त्यांनी ते केले. मग १८६२ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, 'वस्ती असलेल्या जगांची अनेकता' या अर्थाच्या नावाचे एक छोटे पुस्तक छापले. पृथ्वी हा अनेक ग्रहांतला एक ग्रह आहे, तिच्यात खास असे काही नाही, मग जीवसृष्टी फक्त इथेच कशी, असा त्यात युक्तिवाद होता. पुस्तक तडाखेबंद खपले. ले व्हेरिएंनी त्यांना कामावरून काढले.

इथे थांबून दोन गोष्टी सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. पहिली अशी की हा विचार धर्मसत्तेला टोचणारा होता. अनेक जगे आहेत असे म्हणणाऱ्या जोर्दानो ब्रूनोला १६०० साली रोममध्ये जिवंत जाळले होते. त्याच्यावरच्या आरोपांत हाही एक होता. माणूस विश्वाच्या केंद्रस्थानी नसेल तर माणसांमधल्या काहींना केंद्रस्थानी बसवणाऱ्या सगळ्या उतरंडींचा पाया हलतो. फ्लामारियाँच्या वाचकांना हे कळत होते. पुस्तक हातोहात गेले त्याचे हेही एक कारण आहे.

दुसरी गोष्ट आपल्या उत्साहाला जरा आवर घालणारी आहे. त्या पुस्तकात पुरावा नव्हता. दुसऱ्या ग्रहावर कोणी राहते हे दाखवणारे एकही निरीक्षण १८६२ मध्ये कोणाकडे नव्हते. साम्यावरून केलेला तो अंदाज होता. पृथ्वीसारखे ग्रह आहेत, म्हणून पृथ्वीसारखे जीव असणार, एवढेच. साहेबाने नोकरीवरून काढले म्हणजे नोकराचे म्हणणे सिद्ध झाले असे होत नाही. अन्याय झाला हे खरे, आणि युक्तिवाद कच्चा होता हेही खरे. ही दोन वाक्ये एकत्र बोलता येत नाहीत म्हणून किती चळवळींचे नुकसान झाले आहे!

नोकरी गेल्यावर फ्लामारियाँना दुसऱ्या एका सरकारी कार्यालयात गणिताचे काम मिळाले, पण खरे करिअर सुरू झाले ते पत्रकारितेत. १८६३ पासून 'कोस्मोस' हे विज्ञान नियतकालिक, मग 'ल सिएक्ल' या प्रजासत्ताकवादी दैनिकात विज्ञानाचे सदर, शिवाय 'मागाझँ पित्तोरेस्क' या सचित्र मासिकातले लेखन. ज्या रात्रवर्गांत ते शिकले होते त्याच संस्थेच्या व्यासपीठावरून ते खगोलशास्त्र शिकवू लागले. बुलव्हार दे काप्युसीनवरच्या सभागृहात ते पडद्यावर चित्रे टाकून व्याख्याने देत आणि गर्दी मावत नसे. बलूनमधून ते कित्येकदा आकाशात गेले आणि त्या सफरींची वर्णने लिहिली. १८७४ मध्ये सिल्वी पेतियो यांच्याशी लग्न झाल्यावर मधुचंद्राची सहलही बलूनमधून केली. पत्रकाराला बातमी कशात असते हे कळते, एवढेच यावर म्हणतो.

त्यांच्या लिहिण्याची युक्ती साधी होती. अवाढव्य आकडा आला की तो वाचकाच्या रोजच्या अनुभवात आणून ठेवायचा. सूर्य किती लांब आहे? पंधरा कोटी किलोमीटर म्हटल्याने कोणाच्या डोक्यात काही उजेड पडत नाही. पण तासाला ६० किलोमीटरने रात्रंदिवस न थांबता धावणारी आगगाडी आज निघाली तर २८५ वर्षांनी पोचेल, म्हणजे तुमच्या खापरपणतूच्याही हयातीत नाही, असे सांगितले की माणूस दचकतो. आगगाडी, तोफेचा गोळा, असल्या उपमा त्यांच्या पुस्तकांत ठायी ठायी आहेत. समीकरणे जवळजवळ नाहीत. विद्वान मंडळी यावर नाक मुरडत. त्यांच्या मते हे शास्त्र नव्हे, काव्य होते. काव्याचा अतिरेक खरोखरच आहे, पानेच्या पाने नुसते गहिवर आहेत, आणि आजच्या वाचकाला ती ओलांडावी लागतात. पण मुरडलेल्या नाकांमागे दुसरे दुखणेही होते. अवघड भाषा हे कुंपण असते. ते पाडणाऱ्याचा राग येणारच.

१८८० मध्ये आलेले 'लोकांचे खगोलशास्त्र' म्हणजे 'आस्त्रोनोमी पोप्युलेर' हे त्यांचे सर्वांत गाजलेले पुस्तक. अरागोंच्या व्याख्यानांवर आधारलेले, त्यांच्या मृत्यूनंतर निघालेले पुस्तकही याच नावाचे होते. नाव तेच घेऊन फ्लामारियाँनी जणू त्या सभागृहावरचा हक्क सांगितला. प्रकाशक त्यांचा धाकटा भाऊ एर्नेस्त. फ्रान्समधली 'फ्लामारियाँ' ही आजची मोठी प्रकाशनसंस्था याच भावाची, आणि या पुस्तकाच्या खपाने तिचा पाया भक्कम केला. हप्त्याहप्त्याने, चित्रांसह निघालेल्या या ग्रंथाच्या लाखाहून जास्त प्रती खपल्या. फ्रेंच अकादमीने त्याला पारितोषिक दिले. नेपच्यूनच्या चंद्राला 'ट्रायटन' हे नाव याच पुस्तकात सुचवले गेले आणि पुढे तेच रूढ झाले. ज्याला दुर्बिणीजवळ फिरकू दिले नाही त्याने सुचवलेले नाव आज जगातला प्रत्येक खगोलशास्त्रज्ञ वापरतो.

पुढे ले व्हेरिएंनीही नमते घेतले आणि जोडताऱ्यांच्या अभ्यासासाठी त्यांना वेधशाळेची मोठी दुर्बीण वापरू दिली. या कामातून निघालेली १८७८ ची जोडताऱ्यांची सूची हे फ्लामारियाँचे खणखणीत संशोधन आहे. नुसते लेखक म्हणून त्यांना हिणवणाऱ्यांसाठी ही नोंद.

एका चाहत्याने पॅरिसजवळच्या ज्युव्हिसी गावातली आपली जुनी वास्तू त्यांना देऊन टाकली. पूर्वी ते टपालाच्या घोड्यांचे ठाणे होते. १८१४ मध्ये पॅरिस पडल्याची बातमी पहिल्या नेपोलियनला याच जागी कळली होती. फ्लामारियाँनी तिथे १८८३ मध्ये स्वतःची वेधशाळा उभी केली. त्याआधी, १८८२ मध्ये, 'लास्त्रोनोमी' हे मासिक काढले होते. १८८७ मध्ये फ्रान्सची खगोल संस्था स्थापन केली. सभासद व्हायला पदवी नको, आवड पुरे. स्त्रियाही सभासद होत्या. लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने स्त्रियांना फेलो करून घ्यायला १९१६ साल उजाडावे लागले, यावरून या गोष्टीचे मोल कळावे. सिल्वी फ्लामारियाँ यांनी १८९९ मध्ये स्त्रियांच्या पुढाकाराने शांतता आणि निःशस्त्रीकरणासाठी संघटना उभी केली. नवऱ्याच्या नावाखाली त्यांचे काम झाकले जाऊ नये म्हणून वेगळे सांगतो.

१९०२ मध्ये फ्लामारियाँनी पँथिऑनच्या घुमटाखाली फूकोचा लंबक पुन्हा टांगला. सदुसष्ट मीटर लांब तार, तिच्या टोकाला अठ्ठावीस किलोचा गोळा. लंबकाच्या झोक्याची दिशा हळूहळू वळताना दिसते, कारण खालची पृथ्वी फिरते आहे. हाच प्रयोग १८५१ मध्ये तिथे झाला होता. नंतर लुई नेपोलियनने सत्ता बळकावली, ती इमारत परत चर्चला दिली आणि प्रयोग बंद पडला. पन्नास वर्षांनी तो पुन्हा लोकांसमोर आला. पृथ्वी फिरते हे गुरुजी सांगतात म्हणून मानू नका, इथे उभे राहा आणि बघा, असे सांगणारा हा प्रयोग. फ्लामारियाँच्या सगळ्या आयुष्यात आम्हाला सर्वांत जास्त भावतो तो हा प्रसंग.

आता दुसरी बाजू.

वेधशाळेत आकडेमोड करत असतानाच तरुण फ्लामारियाँ अलाँ कार्देक यांच्या मंडळात जाऊ लागले होते. कार्देक हे फ्रान्समधल्या 'स्पिरिटिझम'चे, म्हणजे आत्म्यांशी संवाद साधण्याच्या पंथाचे प्रवर्तक. १८५७ मध्ये त्यांचे 'आत्म्यांचे पुस्तक' निघाले होते. मंडळात लोक टेबलाभोवती बसत, हात सैल सोडून कागदावर पेन्सिल चालू देत आणि जे उमटेल ते आत्म्याने लिहवले असे मानत. विसाव्या वर्षाच्या आसपास फ्लामारियाँनी असेच लिखाण केले. विषय खगोलशास्त्र. खाली सही कोणाची? गॅलिलिओची! कार्देक यांनी १८६८ च्या आपल्या ग्रंथात ते एका प्रकरणात छापले आणि माध्यमाची आद्याक्षरे दिली.

या पंथाची शिकवण काय होती तेही बघू, कारण तो धागा थेट आपल्यापर्यंत येतो. आत्मा पुन्हा पुन्हा जन्म घेतो, या जन्मीचे भोग हे मागच्या जन्मांतल्या चुकांचे प्रायश्चित्त किंवा आत्म्याची परीक्षा असते. हे वाचताना कोणाला काही आठवले का? फ्रान्समध्ये मात्र या कल्पनेचा उपयोग उलट्या दिशेने झाला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कार्देक स्त्री-पुरुष समतेच्या बाजूने होते, गुलामगिरीच्या विरोधात होते. आजचा सरदार उद्या हमालाच्या घरी जन्मेल, मग खानदानाचा माज कशाला, असा त्यांच्या अनुयायांचा सूर असे. ल्योंच्या कामगारवस्तीत त्यांना मोठा पाठिंबा होता. चर्चच्या कायमच्या नरकापेक्षा हे लोकांना दयाळू वाटले. आपल्या भूमीत याच कल्पनेने काय केले ते वाचकांना आम्ही सांगायला नको. गरिबाचे दुःख त्याच्याच मागच्या जन्माच्या खात्यावर टाकणारे तत्त्वज्ञान हमालाला दिलासा म्हणून वापरता येते आणि हमालाला बेडी म्हणूनही. कारण खाते तपासायची सोय दोन्हीकडे नसते. हेतू चांगला असल्याने ती सोय निर्माण होत नाही.

३१ मार्च १८६९ रोजी कार्देक वारले. दोन दिवसांनी माँमार्त्रच्या दफनभूमीत फ्लामारियाँनी भाषण केले. त्यांचे म्हणणे असे की हा धर्म नाही, हे विज्ञान आहे आणि आपण त्याच्या नुसत्या बाराखडीपाशी आहोत. 'आमचे शास्त्र विज्ञानाच्या विरोधात नाही, तेच खरे विज्ञान आहे' हे वाक्य आज ज्या-ज्या मंडपातून ऐकू येते त्यांची यादी आम्ही करत नाही. एवढेच लक्षात घ्यावे की हे वाक्य तिथे अडाणी माणूस बोलत नव्हता. दैनिकात विज्ञानाचे सदर लिहिणारा माणूस बोलत होता. त्याच्या नावाचे वजन पंथाला मिळाले. एवढा मोठा खगोलशास्त्रज्ञ मानतो, म्हणजे काहीतरी असणारच!

आणि तरीही या गोष्टीत एक वळण आहे, आणि ते फ्लामारियाँच्या बाजूचे आहे. आपल्या 'गॅलिलिओ'च्या लिखाणाची त्यांनी पुढे स्वतःच तपासणी केली. १९०७ च्या 'अज्ञात नैसर्गिक शक्ती' या अर्थाच्या पुस्तकात ते स्पष्ट सांगतात की त्या कागदांवर जे उमटले ते त्यांना स्वतःला आधीच ठाऊक असलेले होते. गॅलिलिओने त्यांना नवीन काहीही शिकवले नाही. त्याच मंडळातले नाटककार व्हिक्तोरिएँ सार्दू यांनी १८५८ मध्ये आत्म्याच्या आदेशाने गुरू ग्रहावरच्या घरांची नक्षीदार चित्रे काढली होती, त्यात मोत्सार्टचे घरही होते. गुरूवर तेव्हा वस्ती असेल असे लोकांना वाटत होते, म्हणून चित्रात वस्ती आली. आता जरा गुरूच्या चंद्रांकडे बघा. गॅलिलिओने १६१० मध्ये चार चंद्र शोधले. पाचवा १८९२ मध्ये सापडला, तो एडवर्ड बर्नार्ड या अमेरिकी निरीक्षकाला, कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेच्या दुर्बिणीतून. कोणत्याही टेबलाभोवती बसलेल्या कोणत्याही गॅलिलिओने त्याची खबर दिली नव्हती. आणि त्या पाचव्या चंद्राला 'अमाल्थिया' हे नाव कोणी सुचवले? फ्लामारियाँनीच.

म्हणजे तपासणीचे हत्यार त्यांच्या हातात होते, आणि ते स्वतःवर चालवण्याचे धैर्यही होते. मग अडले कुठे? स्वतःचे लिखाण त्यांनी नाकारले, पण सगळा प्रकार नाकारला नाही. आत्मे नसतील तर काही अज्ञात शक्ती असेल, असे म्हणत त्यांनी दार किलकिले ठेवले. युसापिया पालादिनो ही इटालियन माध्यम बाई हातचलाखी करताना वेगवेगळ्या ठिकाणी पकडली गेली होती. फ्लामारियाँनी तिला आपल्या घरी बोलावून बैठका घेतल्या आणि निष्कर्ष काढला की ती कधीकधी फसवते, पण काही चमत्कार खरे आहेत. बुवाबाजीविरोधात काम केलेल्या कार्यकर्त्याला हा पवित्रा पाठ असतो. बाबा पकडले गेले ते एकदा, बाकीच्या वेळी खरेच होते! फसवणूक सापडली तेवढी वजा करायची आणि न सापडलेली सगळी चमत्काराच्या खात्यात जमा करायची, ही तपासणीची कोणती रीत?

१८९९ मध्ये त्यांनी एका साप्ताहिकातून वाचकांना प्रश्न विचारला, मरणाऱ्या माणसाचे दर्शन दूरवर तुम्हाला झाले आहे का? चार हजारांहून अधिक उत्तरे आली आणि त्यांवर पुस्तक झाले. अशा मोजणीत मूळ खोट असते. ज्याला असे काही दिसले तो उत्साहाने पत्र लिहितो, ज्याला स्वप्न पडले पण कोणी मेले नाही तो ती रात्र विसरून जातो. आज समाजमाध्यमांवरच्या 'पोल'वरून निष्कर्ष काढणाऱ्या आपल्याच मित्रांनाही आम्ही हेच सांगत असतो. १९२० ते १९२२ या काळात त्यांचे 'मृत्यू आणि त्याचे रहस्य' तीन खंडांत आले. पहिल्या महायुद्धात फ्रान्सची जवळजवळ चौदा लाख माणसे मेली होती. घराघरात शोक होता. त्या शोकात असल्या पुस्तकाला वाचक न मिळते तरच नवल. १९२३ मध्ये लंडनच्या मनोगूढ संशोधन संस्थेचे ते अध्यक्षही झाले.

मंगळाची गोष्ट याच स्वभावातली, पण तिचा शेवट वेगळा झाला. १८७७ मध्ये स्किआपारेल्ली या इटालियन खगोलशास्त्रज्ञाला मंगळावर रेषा दिसल्या. त्याने 'कानाली' म्हटले, म्हणजे नैसर्गिक ओघळही चालतील. जगाने 'कालवे' ऐकले. कालवे म्हटले की खोदणारे आले. फ्लामारियाँनी १८९२ मध्ये मंगळावरच्या तोवरच्या सगळ्या निरीक्षणांचा जाडजूड ग्रंथ काढला. त्याचे दस्तऐवज म्हणून मोल आजही आहे. मात्र मंगळावर वस्ती असण्याची शक्यता त्यांनी भरपूर रंगवली. त्यांच्या लेखनाने भारावलेल्या एका श्रीमंत बाईने, परग्रहाशी संपर्क साधणाऱ्यास एक लाख फ्रँकचे बक्षीस आपल्या मृत्युपत्रात ठेवले. अट एकच, मंगळ सोडून. मंगळाशी बोलणे फारच सोपे समजले गेले होते!

मग कालवे पुसले कोणी? एजेन अंतोनियादी हा इस्तंबूलमध्ये जन्मलेला ग्रीक तरुण १८९३ मध्ये ज्युव्हिसीला आला आणि नऊ वर्षे फ्लामारियाँच्या वेधशाळेत काम करत मंगळ पाहत राहिला. सुरुवातीला त्यालाही कालवे दिसत. १९०९ च्या सप्टेंबरात म्यूदोंच्या ८३ सेंटिमीटरच्या मोठ्या दुर्बिणीतून, हवा अगदी स्थिर असताना, त्याला सरळ रेषा एकही दिसली नाही. तिथे होते असंख्य वेडेवाकडे ठिपके आणि डाग. लहान दुर्बिणीत डोळा तेच ठिपके जोडून रेषा बनवत होता. गुरूने उभारलेल्या वेधशाळेत घडलेल्या माणसाने गुरूच्या लाडक्या कल्पनेतली हवा काढली. आत्म्यांच्या बाबतीत असे झाले नाही, कारण तिथे मोठी दुर्बीण आणता येत नव्हती. प्रत्येक बैठकीचा दिवा आधीच मंद केलेला असे.

दुसऱ्याच वर्षी हॅलेचा धूमकेतू आला. त्याच्या शेपटीत सायनोजेन हा विषारी वायू असल्याचे वेधांतून कळले होते आणि १८-१९ मे १९१० च्या सुमारास पृथ्वी त्या शेपटीतून जाणार होती. त्या वायूने पृथ्वीवरची जीवसृष्टी नष्ट होऊ शकते असे फ्लामारियाँचे मत असल्याची बातमी अमेरिकेतल्या वर्तमानपत्राने दिली. ते खरोखर नेमके काय बोलले यावर वाद आहे. शेपूट इतकी विरळ असते की काहीही होणार नाही असे बहुतेक खगोलशास्त्रज्ञ सांगत होते, पण तोवर लोकांनी घराच्या फटी बुजवल्या, भोंदूंनी 'धूमकेतूवरच्या गोळ्या' विकल्या. धूमकेतूच्या वायूने जग संपण्याची कल्पना फ्लामारियाँनी आपल्या 'जगाचा अंत' या कादंबरीत सोळाएक वर्षांपूर्वीच रंगवली होती. कादंबरीकार आणि विज्ञान-पत्रकार एकाच नावाने बाजारात असले की वाचकाने त्यांना वेगळे कसे करायचे?

आणखी एक चित्र. आमच्या बहुतेक वाचकांनी ते शिबिरातल्या एखाद्या स्लाइडवर नक्की पाहिले असेल. एक यात्रेकरू गुडघ्यावर बसून आकाशाच्या घुमटाला भोक पाडतो आणि पलीकडे डोके काढून विश्वाची चाके बघतो. 'मध्ययुगीन लाकडी ठसा, लोक पृथ्वी सपाट मानत त्या काळातला' अशी ओळ खाली असते. ते मध्ययुगीन नाही. ते पहिल्यांदा आढळते फ्लामारियाँच्याच १८८८ च्या वातावरणावरील पुस्तकात. रेषांची कोरीव पद्धत एकोणिसाव्या शतकातली आहे हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवले. फ्लामारियाँ स्वतः कोरीवकामाची उमेदवारी केलेले, म्हणून आराखडा त्यांचाच असावा असे अनेकांना वाटते. शिवाय मध्ययुगातले सुशिक्षित युरोपीय पृथ्वी गोलच मानत होते. अंधश्रद्धेच्या विरोधात आपण दाखवतो ते चित्रच खोट्या पत्त्यावर फिरते आहे. ज्यांच्या स्लाइडवर असेल त्यांनी कृपया खालची ओळ बदलावी, चित्र राहू द्यावे.

फ्लामारियाँ ३ जून १९२५ रोजी ज्युव्हिसीला वारले आणि वेधशाळेच्या बागेतच त्यांना पुरले. सिल्वी १९१९ मध्येच गेल्या होत्या. त्याच वर्षी त्यांनी गॅब्रिएल रनोदो या खगोल-अभ्यासक स्त्रीशी लग्न केले होते. पतीच्या मागे गॅब्रिएल यांनी १९६२ पर्यंत, म्हणजे सदतीस वर्षे, ती वास्तू आणि ते काम सांभाळले. नंतर सगळे खगोल संस्थेकडे गेले. संस्था अजून आहे, 'लास्त्रोनोमी' मासिक अजून निघते, आणि सभासद व्हायला पदवी लागत नाही.